पोपटांवरचं डांगर

अमेरिकेहून परत आलेल्या माणसाला आपल्याकडे पहिला प्रश्न ठरलेला: "नायगरा पाहिला का?" आम्ही नाही पाहिला. आम्ही एका मातीच्या भोपळ्याला सोबत म्हणून मिशिगनहून शिकागोला गेलो. एवढं सांगितलं की समोरचा माणूस आधी माझ्याकडे आणि मग हिच्याकडे काळजीनं बघतो. प्रत्येकाला पहिल्यापासून सांगत बसण्यापेक्षा एकदाचं लिहूनच काढलेलं बरं.

ट्रॉय

ट्रॉय हे डेट्रॉईटजवळचं गाव. मोटारींच्या कंपन्या, आयटीवाले, कातरून ठेवल्यासारखी हिरवळ आणि रस्त्यावर चालणारं कुणी नाही. संध्याकाळी बागेत गेलं की मात्र आपली मंडळी भेटतात: पंजाबी ड्रेसवर पांढरे स्नीकर्स घातलेल्या काकू, माकडटोपी घरी विसरल्याची रुखरुख असलेले काका. तिथे ओळख होते ती "तुमचा मुलगा कोणत्या कंपनीत?" या प्रश्नानं. आमची पंचाईत तिथेच सुरू व्हायची. कारण आमची सायली कंपनीत नाही, ती एका कॉलेजच्या छोट्या म्युझियममध्ये आहे. वस्तू सांभाळणं, पुसणं, मोजणं, बांधणं हे तिचं काम. बागेतले एक काका म्हणाले, "म्हणजे नक्की करते काय?" ही फटकन म्हणाली, "जे तुमच्या सुनेला जमत नाही ते. भांडी फोडत नाही."

पण आतून आम्हा दोघांना घोर होता. सायलीची नोकरी वर्षाच्या कराराची. करार संपत आला होता, आणि तिला कायम करायचं की नाही हे तिथले डायरेक्टर ठरवणार होते. कायम झाली तर व्हिसाचं पुढचं सगळं म्युझियम बघणार. नाही झाली तर गाशा गुंडाळून नाशिक. तेवढ्यात शिकागोच्या एका मोठ्या म्युझियमनं प्रदर्शनासाठी यांच्याकडची एक वस्तू काही महिन्यांसाठी मागितली. ती नेऊन पोचवायची जबाबदारी डायरेक्टरांनी सायलीवर टाकली. "बाबा, ही माझी परीक्षाच आहे," ती म्हणाली. "हे नीट झालं तर झालं." आम्ही मागेच लागलो म्हणून तिनं आम्हाला गाडीत घ्यायची परवानगी काढली.

निघायच्या दिवशी सकाळी वाटेत कॉफी घेऊन आम्ही तिच्या म्युझियममध्ये गेलो. बांधाबांध चालू होती ती खोली दवाखान्यासारखी स्वच्छ. फळीवर मातीची चित्रविचित्र भांडी ओळीनं ठेवलेली. एक गलेलठ्ठ कुत्रा, शेपटीच्या जागी तोटी. एक बदक. एक खेकडा. निवडुंगाच्या फांद्यांचं एक भांडं. सगळी तांबूस, आणि अशी चकचकीत की मला वाटलं वार्निश मारलंय.

"वार्निश नाही बाबा, दगडानं घासलंय," सायली म्हणाली. "पश्चिम मेक्सिकोतली, कोलिमा नावाच्या भागातली आहेत. दोन हजार वर्षांपूर्वीची. त्यांच्याकडे कुंभाराचं चाक नव्हतं, सगळं हातानं."

शिकागोला निघालेलं भांडं फोमच्या खळग्यात बसलं होतं. भोपळा, आणि तोही कसा! फाकीफाकीचा, फुगीर, वर वाटीसारखं उघडं तोंड, आणि खाली पायांच्या जागी तीन पोपट. भोपळा पोपटांच्या डोक्यांवर तोललेला.

"अगं बाई, हे तर डांगर!" ही म्हणाली. नाशकात आम्ही लाल भोपळ्याला डांगर म्हणतो.

सायली हसली. तिनं सांगितलं की ही भांडी थडग्यांत सापडतात. जमिनीत खोल खड्डा खणून खाली खोली करायचे आणि मेलेल्या माणसाजवळ ही ठेवायचे. पुढच्या वाटेवर उपाशी राहू नये म्हणून आत खायला-प्यायला घालून. ही एकदम गंभीर झाली. "भरून ठेवायचे?" तिनं विचारलं. "हो, भरून," सायली म्हणाली. मग कुणीतरी दारातून हाक मारली म्हणून ती मिनिटभर तिकडे वळली. मी स्क्रू पिळायचं मशीन हातात घेऊन बघत होतो, आयुष्य वीज मंडळात गेल्यामुळे अवजार दिसलं की माझा हात राहत नाही. पाठीमागे हिची पर्स कटकन बंद झाल्याचा आवाज आला. सायली परत आली, वरचा फोम बसला, झाकण पिळलं गेलं, आणि आम्ही निघालो.

वाटेत

बॉक्स मागच्या सीटवर, पट्टा लावून. शेजारी ही. पुढे मी. सायलीनं तीन नियम सांगितले: बॉक्सला हात लावायचा नाही, बॉक्स एकटा सोडायचा नाही, आणि "बाबा, प्लीज, मी ड्राइव्ह करताना ब्रेक ब्रेक असं ओरडायचं नाही."

मिशिगनचे रस्ते अमेरिकेत खड्ड्यांसाठी बदनाम आहेत हे ऐकून मला फार बरं वाटलं. सायली उजव्या लेनमधून अशी जपून चालवत होती की मोठमोठे ट्रक हॉर्न वाजवत पुढे जात होते. अमेरिकेत हॉर्न म्हणजे शिवी. आम्हाला त्या दिवशी भरपूर शिव्या मिळाल्या. एकदा पुढच्या पिकअपमधून एक बागेतली खुर्ची उडून रस्त्यात पडली. सायलीनं ब्रेक मारला, मी नियम मोडून ओरडलो, आणि मागे वळून बघतो तर हिनं बॉक्सला दोन्ही हातांनी कवटाळलं होतं. "काही नाही झालं. तू चालव," ही म्हणाली.

जेवायला थांबलो ती महामार्गालगतची विश्रांतीची जागा म्हणजे झाडं, बाकं आणि आपल्या हॉटेलांहून स्वच्छ संडास. हिनं पहाटे उठून धपाटे आणि शेंगदाण्याची चटणी केली होती. पण बॉक्स एकटा सोडायचा नाही, म्हणून आम्ही पाळीपाळीनं बाकावर जेवलो. हिची पाळी आली तरी ही उतरेना. गाडीतच धपाटा खाल्ला, बॉक्सवर आपली ओढणी पसरून, सांडायला नको म्हणून. पुढे एका शेतावर ब्लूबेरी विकत होते. आपल्या करवंदांची धाकटी बहीण, पण गरीब स्वभावाची, आंबटपणा जवळजवळ नाहीच. मी द्रोण काठोकाठ भरून आणला आणि गाडीत बसताना निम्म्या माझ्याच पँटवर सांडल्या. पुढचा सगळा प्रवास मी जांभळ्या मांडीनं केला.

इंडियानाची हद्द आली आणि घड्याळ एक तास मागे गेलं. एकाच देशात दोन वेळा! मी घड्याळ मागे केलं. ही म्हणाली, "वा, फुकटचा तास. झोपा जरा." मग लेक मिशिगन दिसलं. त्याला तळं म्हणणं हा सरळ चावटपणा आहे. पलीकडचा काठ दिसत नाही, लाटा येतात, वाळू आहे. समुद्राचं सगळं आहे, फक्त खारा वास नाही. नाक आपलं उगाच वाट बघत राहतं.

शिकागो

मोठ्या म्युझियमच्या पुढच्या दाराशी खांब आणि पायऱ्या, आणि मागच्या दाराशी ट्रक, कचऱ्याचे डबे आणि विडी फुंकणारी माणसं. अगदी आपल्या मंगल कार्यालयासारखं. तिथे आम्हाला मारिसोल भेटल्या. येणाऱ्या-जाणाऱ्या वस्तूंच्या त्या प्रमुख. पिकलेले केस, साखळीचा चष्मा, बुटक्या आणि करड्या शिस्तीच्या. मूळच्या मेक्सिकोच्या. हसण्याचं त्यांनी बहुधा वेळापत्रक ठरवलं होतं आणि आमची वेळ त्यात नव्हती.

बॉक्स आज उघडायचा नाही, त्या म्हणाल्या. प्रवासाहून आलेल्या वस्तूला इथली हवा मानवू द्यायची, उद्या उघडायचा. हिला ते फार आवडलं. "बघा, भांड्यालासुद्धा आल्याआल्या विश्रांती देतात. मी सासरी आले त्या दिवशी पन्नास माणसांना वाढलं होतं."

दुसऱ्या दिवशी सकाळी सायली आत गेली. आम्हाला ती म्हणाली, गॅलरी बघा. पण हिला तिथेच बसायचं होतं, म्हणून आम्ही बाहेरच्या बाकावर बसलो. काचेच्या दारातून आतलं टेबल दिसत होतं. झाकण निघालं. वरचा फोम निघाला. मारिसोलबाईंनी टॉर्च घेऊन भोपळ्यात डोकावून पाहिलं. मग परत पाहिलं. मग हातात चिमटा घेतला.

सायली बाहेर आली तेव्हा तिच्या चेहऱ्याचा रंग उडाला होता. निळ्या हातमोज्याच्या तळव्यावर साखरेची पुडी होती. कॉफीच्या दुकानात फुकट मिळते ती, कागदाची.

"आई, हे तुझं आहे?"

ही आनंदानं म्हणाली, "हो! म्हणजे पोचली व्यवस्थित."

हिच्या पर्समध्ये अशा पुड्यांचा साठाच असतो. फुकट मिळालेली साखर टाकायची नाही या तत्त्वावर तो उभा आहे. कुणाचा डबा परत द्यायचा तर हिनं आजवर कधी रिकामा दिला नाही. काही नसलं तर चिमूटभर साखर घालून देते. आपल्या सगळ्यांच्याच घरी हे चालतं. पण दोन हजार वर्षांच्या भांड्यात!

मारिसोलबाई मागोमाग बाहेर आल्या. त्यांनी आमच्याकडे पाहिलं नाही. सायलीला शांतपणे विचारलं, "तुमच्या पॅकिंगच्या खोलीत विद्यार्थी काम करतात ना? त्यांच्यापैकी कुणाचं असेल का?"

मला इंग्रजी कळतं. ते दार होतं, सुटायला. नुसतं "असेल कदाचित" म्हटलं असतं तरी भागलं असतं. खरं सांगतो, मी मनातल्या मनात म्हणालो, म्हण पोरी, म्हण.

सायली म्हणाली, "नाही. ही माझी आई आहे. तिनं ठेवलंय. मी मिनिटभर बॉक्सकडे पाठ केली. चूक माझी आहे."

मारिसोलबाई हिच्याकडे वळल्या. का, म्हणून विचारलं. हिला आता कुठे समजलं होतं की काहीतरी भयंकर घडलंय. पण बायकांचं एक असतं, घाबरल्या की त्या खरं जास्त ठामपणे बोलतात. ही मराठीत बोलली आणि सायलीनं मान खाली घालून एकेक वाक्य इंग्रजीत सांगितलं.

"रिकामं भांडं कुणाच्या घरी पाठवू नये. आमच्याकडे नाही पाठवत. आणि हे तर त्या लोकांनी मेलेल्या माणसालासुद्धा भरून दिलं होतं ना? मग आपण जिवंत माणसांनी ते रिकामं कसं पाठवायचं? माझ्या मुलीचं काम होतं. मी त्या डांगराला म्हटलं, नीट जा बाबा, आणि माझ्या लेकीची लाज राख."

शेवटचं वाक्य सायलीला दोन तुकड्यांत सांगावं लागलं.

"पुडी का नाही फोडली?" मारिसोलबाईंनी विचारलं.

"अहो, मुंग्या लागल्या असत्या!" ही म्हणाली.

त्या परत आत गेल्या. टॉर्च, छोटा आरसा, बारीक ब्रश. आम्ही बाकावर. सायली भिंतीला टेकून उभी, आईकडे न बघता. किती वेळ गेला देव जाणे. मी त्या काळात गणपतीपासून म्हसोबापर्यंत सगळ्यांना साकडं घातलं. मारिसोलबाई बाहेर आल्या. आत एक दाणा नाही, ओरखडा नाही, वस्तू ठणठणीत आहे, असं त्यांनी सांगितलं. माझा जीव भांड्यात पडला, आणि लगेच परत वर आला, कारण त्या पुढे म्हणाल्या, "पण हे मला तुमच्या डायरेक्टरांना कळवावं लागेल. आजच."

जाताना दाराशी त्या थांबल्या. हिच्याकडे बघून म्हणाल्या, "माझी आईही कुणाचं ताट रिकामं परत करत नाही. म्हणून मी तिला इथे कधी आणत नाही."

त्या हसल्या की नाही हे मला आजही नक्की सांगता येत नाही.

शॉमबर्ग

मुक्काम शॉमबर्गला होता, शिकागोच्या एका उपनगरात, सायलीची कॉलेजमैत्रीण मीनल हिच्याकडे. मीनल नागपूरची, नवऱ्यासह आयटीत. मोठ्ठं मोकळं घर. नवरा कामासाठी बाहेरगावी होता म्हणून ती एकटीच आमच्या दिमतीला. तिनं गोळाभात केला होता, भातात डाळीच्या भरड्याचे गोळे, वर फोडणीचं तेल, सोबत चिंचेचं सार. शिकागोजवळ बसून असा गोळाभात मिळतो हे मी कुणाला सांगितलं तर खोटं वाटेल. पण घास उतरेना. "काका, तुम्ही तर काहीच नाही घेऊन राहिले!" मीनल सारखी म्हणत होती. ही तर ताटावर बसलीच नाही. डोकं दुखतंय म्हणाली.

डायरेक्टर प्रवासात होते, उद्या सकाळी फोन करतो असा त्यांचा मेसेज आला होता. एवढाच. पुढे ना राग ना लोभ. सायलीनं तो मला दाखवला. मी चष्मा लावून तो इतक्यांदा वाचला की जणू त्यात आणखी काही उगवणार होतं.

जेवणं उरकल्यावर सायली स्वयंपाकघरात पाणी प्यायला गेली आणि ही मागोमाग गेली. मी इकडच्या सोफ्यावर.

"बोल की मला काहीतरी. शिव्या दे," ही म्हणाली.

"काय बोलू आई? मी इथे सगळं एकटीनं उभं केलंय गं. घर, गाडी, नोकरी. आणि तू एका पुडीनं..." ग्लास ओट्यावर आपटल्याचा आवाज आला. "मला विचारलं का नाहीस? मी तिथेच होते!"

"विचारलं असतं तर तू नको म्हणाली असतीस."

"अर्थात नको म्हणाले असते!"

"म्हणून तर नाही विचारलं."

मग ही म्हणाली, अगदी हळू, "तू इकडे यायला निघालीस तेव्हा मी तुझ्या हातावर दही-साखर घातली. त्याउप्पर मला तुझ्यासाठी करता येईल असं इथे काही उरलंच नाहीये. तू काय काम करतेस तेसुद्धा मला बागेतल्या लोकांना धड सांगता येत नाही. एवढं एक करता येण्यासारखं दिसलं, ते केलं. चुकलं माझं."

सायलीनं मीनलला विचारून गोळाभात गरम केला आणि आईपुढे ठेवला. ही जेवली. मीही मग चोरून दोन घास घेतले.

सकाळी फोन आला तेव्हा आम्ही चहा घेत होतो. सायली फोन घेऊन खिडकीशी गेली. आम्हाला एकच बाजू ऐकू येत होती. "येस. येस, आय नो. नो, शी डिडन्ट ओपन इट. येस." मग नुसतं ऐकणं. मीनलनं मिक्सर लावला होता तो बंद केला. हिनं माझं मनगट धरलं होतं आणि नखं रुतत होती, पण मी हूं की चूं केलं नाही.

सायलीनं फोन ठेवला. आमच्याकडे वळली.

"काय म्हणाले?" मी विचारलं.

"ओरडले. बॉक्सकडे परत पाठ करायची नाही म्हणाले. मारिसोलनं त्यांना सगळं कळवलं होतं. मी विद्यार्थ्यांवर ढकललं नाही तेही." ती थांबली. "आणि म्हणाले, प्रदर्शन संपल्यावर भांडं परत आणायला मलाच जायचंय."

"म्हणजे?" ही म्हणाली.

"आई, प्रदर्शन संपायच्या आत माझा करार संपतो. पण आणायला मी जाणार आहे. म्हणजे मी असणार आहे गं! कागद पुढच्या आठवड्यात देतो म्हणाले."

हिला समजायला क्षणभर लागला. मग ही उठली, पोरीला घट्ट धरलं, आणि दोघी अशा रडल्या की मीनलही उगाच रडायला लागली. डोळे पुसून ही पहिलं वाक्य बोलली, "मग त्या मारिसोलबाईंना भेटायला जाशील तेव्हा रिकाम्या हातानं जाऊ नकोस."

सायली इतक्या मोठ्यानं हसली, की असं हसताना मी तिला ती शाळेत असल्यापासून पाहिलं नव्हतं. मी म्हणालो, "मी जरा दाढी करून येतो." बाथरूममध्ये गेलो, दार लावलं, नळ मोठा सोडला आणि मनसोक्त रडून घेतलं. हिला अजूनही वाटतं की मी त्या दिवशी दाढीच करत होतो.